डाव्या पेटीचा खर्ज

४ मार्च, मंगळवार

बादली! सासरे म्हणाले, कुणीतरी बादलीत तोंड घालून गातंय. हाताला फोड येईपर्यंत रंधा मारून मी स्पीकरची पेटी केली, आणि त्यावर हा अभिप्राय. एकच शब्द. मग त्यांनी चहा मागितला.

वाईट याचं वाटतं की ती खरंच बादली आहे. सगळ्या बाजू सारख्या, चौकोनी, डब्यासारखी. समोरासमोरच्या फळ्या सारख्या अंतरावर असल्या की आवाज आतल्या आत एकाच सुरावर आपटत राहतो. तो सूर आला की पेटी घुमते, एरवी ढिम्म. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. पुस्तक मी पेटी झाल्यावर वाचलं. पण लाकूड तसंच कापून मिळालं होतं, मी काय करू!

बायको म्हणाली, दिसायला छान आहे, वर फुलदाणी ठेवू.

५ मार्च, बुधवार

घुमणारा सूर आला की फुलदाणी चालायला लागते. आज कडेपर्यंत पोचली.

७ मार्च, शुक्रवार

इथे कुणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहितो. मला माझी मागची खोली परत हवी आहे.

सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थोडे दिवस म्हणून आले होते. गुडघा कधीच बरा झाला. आता ते माझ्यापेक्षा भरभर जिने चढतात, पण मुक्काम तोच. माझ्या कामाच्या खोलीत, माझ्या करवती आणि पक्कडींच्या मध्ये, त्यांची खाट. आयुष्यभर स्टेशनवर गाड्यांच्या सूचना देण्याचं काम केलं, ते अजून सुटलेलं नाही. रोज सकाळी घरभर ऐकू येतं – कृपया लक्ष द्या, न्हाणीघर मोकळे झाले आहे. काल – रात्रीचे जेवण अनिश्चित काळासाठी उशिराने येत आहे. बायको आतून ओरडली, तर म्हणाले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

आणि ते औषध! घशाची काळजी म्हणून खोकल्याचं लालभडक औषध, खोकला असो नसो. चमचा माझ्या रंध्यावर ठेवतात. रंधा चिकट.

पण आज जेवताना आशेचा किरण दिसला. भात कालवता कालवता म्हणाले, "जावईबापूंच्या पेट्या पुऱ्या झाल्या की मी थोरलीकडे जाईन म्हणतो. काम अर्धवट टाकून कसा जाऊ?" थोरली म्हणजे माझी मेहुणी. तिच्याकडे मोठं घर, वर साडूंनी विकत आणलेले तयार स्पीकर, कपाटाएवढे.

मला तर उठून नाचावंसं वाटलं. बायको बराच वेळ एकच ताट घासत होती.

८ मार्च, शनिवार

पेट्या पुऱ्या करायच्या! लवकर! दुकानात दिवसभर चष्म्याच्या नंबरांच्या कागदांमागे पेट्याच काढल्या. एका गिऱ्हाइकाला चष्म्याऐवजी पेटीचं माप देऊन पाठवलं. तो परत आला.

१० मार्च, सोमवार

आता ड्रायव्हर. पेटीत बसवतात तो गोल, आतबाहेर हलणारा पडदा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, तुमच्याकडे गाडी कुठाय?

भंगारवाल्याकडून बारा इंची जोडी आणली. बंद पडलेल्या कुठल्याशा नाचघरातली. मोठा ड्रायव्हर म्हणजे मोठा खर्ज, अशी माझी समजूत. जोडला. गाणारी बाई डोक्यावरून गोधडी घेऊन गायला लागली. एवढा जड पडदा, तो हलायलाच तयार नाही, आणि हलला की थांबायला तयार नाही. सासरे म्हणाले, बाई आजारी आहे, तिला झोपू द्या.

मग घरातल्या जुन्या रेडिओचा चार इंची कागदी काढून लावला. आहाहा! बाई समोर येऊन बसली. श्वास घेतलेला कळतो. पण खाली काहीच नाही, तबला म्हणजे पुठ्ठ्यावर टिचक्या. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं नि म्हणाले, ही खरी आहे, पण हिला पाय नाहीत.

हे मात्र बरोबर बोलले. म्हणजे मधला हवा. साडेसहा इंची, कागदी, आणि वरच्या बारीक सुरांसाठी जोडीला छोटी चिमणी.

१३ मार्च, गुरुवार

चिमणी लावली. सासरे म्हणाले, वा, आता बारीकसारीकही ऐकू येतं. मीही मान डोलावली. बायको आत आली नि म्हणाली, ती छोटी वाजत नाहीये. तार जोडलेलीच नव्हती.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

१५ मार्च, शनिवार

आज वीस हातांची टाळी पडावी असं व्याख्यान दिलं. श्रोते दोन.

सासऱ्यांनी विचारलं, तारेला दोन टोकं कशाला, एकानं भागत नाही का? मी म्हटलं, भागत नाही, आणि टोकांची अदलाबदल तर मुळीच चालत नाही. दोन्ही पेट्यांचे पडदे एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत, एकाच वेळी आत गेले पाहिजेत. एकाची तार उलटी लागली तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मग हवा हलतच नाही. खर्ज जागच्या जागी मरतो. बाकी सगळं वाजत राहतं, म्हणून पटकन कळतही नाही.

चेहरे कोरे. मग प्रयोग! स्वयंपाकघराच्या दाराच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासरे. म्हटलं, ढकला. दोघांनी सगळा जोर लावला, दार जागचं हललं नाही. म्हटलं, आता दोघं एकाच बाजूला या नि ढकला. दार धाडकन उघडलं, मागच्या फळीवर आदळलं, साखरेची बरणी खाली. मी ओरडलो, पाहिलंत? हाच खर्ज!

बायकोनं झाडू माझ्या हातात दिला. सासरे मात्र दाराकडे बघत उभे राहिले. पुन्हा विचारलं, म्हणजे नुसतं एका पेटीचं टोक उलटं झालं की खर्ज संपला? म्हटलं, संपला. म्हणाले, कमाल आहे.

साखर गोळा केल्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशनं मी दोन्ही तारांच्या एकेका टोकाला खूण करून टाकली. आता चूक होणं शक्यच नाही.

१८ मार्च, मंगळवार

पेटीचा आकार ठरला! समोरासमोरच्या फळ्या समांतर नकोत. म्हणून वर निमुळती, खांद्याशी रुंद, मग पायाकडे पुन्हा निमुळती. आवाजाला आपटायला सारखी जागाच सापडणार नाही. उंची माणसाच्या छातीइतकी.

सुतारानं कागद उलटसुलट करून बघितला. मग हलक्या आवाजात विचारलं, माप कुणाचं घेतलंय? मी म्हटलं, पुस्तकातून. तो म्हणाला, दोन? म्हटलं, हो, दोन लागतात. त्यानं टोपी काढली नि म्हणाला, घाई असेल ना, उद्याच देतो.

सुतार असावा तर असा.

२० मार्च, गुरुवार

आजचं लिहिताना अक्षर वाकडं येतंय. हसून.

पेट्या आल्या. काळा रंग देऊन वाळायला जिन्याच्या वळणावर आडव्या ठेवल्या. इकडे सासरे सर्दीमुळे परवापासून फिरायला बाहेर पडले नव्हते. इमारतीला त्या शवपेट्या वाटल्या आणि तिनं दोन अधिक दोन केले.

संध्याकाळी बेल वाजली. सेक्रेटरी, मागे शिवणकाकू, त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरची अख्खी मंडळी. सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, सोन्यासारखा माणूस. मला वाटलं पेट्यांबद्दल बोलतायत. मी म्हटलं, छे हो, अजून आत कापूस भरायचाय. शिवणकाकू मटकन जिन्यावर बसल्या. कुणीतरी विचारलं, आणि दुसरी कुणासाठी? मी म्हटलं, एक डावी, एक उजवी.

तेवढ्यात आतून आवाज आला – कृपया लक्ष द्या, न्हाणीघर मोकळे झाले आहे.

काकूंना पाणी द्यावं लागलं. सासऱ्यांनी टॉवेलावरच बाहेर येऊन सगळा प्रकार ऐकला आणि मग जे हसले, जे हसले! पेटीत झोपून बघतो म्हणाले. रंग ओला होता म्हणून वाचलो. सेक्रेटरी म्हणाले, आम्ही फुलं आणली होती, ती आता काय करायची? बायकोनं घेतली. फुलदाणीत ठेवली.

एवढं हसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

झाल्या! आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे फळ्या थरथरणार नाहीत. कापूस भरला – माझ्या उशीचा, आणि खरं सांगायचं तर बायकोच्याही. मागे हवा जायला नळी. तारा खुणेप्रमाणे जोडल्या. आता वाजवणार, तर सासरे म्हणाले, डिंक ओला आहे, उद्या ऐकू. सूचना रास्त होती. मी जेवायला गेलो. ते आलोच म्हणाले आणि जरा मागून आले.

बायको कशाला तरी डोकं टेकून झोपलीय. सकाळी बोलणं खाणार आहे.

२३ मार्च, रविवार

खर्ज नाही.

२४ मार्च, सोमवार

खर्ज नाही! आकार बरोबर, ड्रायव्हर बरोबर, कापूस बरोबर. बाई गातेय पण नक्की कुठून गातेय कळत नाही, सगळीकडून आणि कुठूनच नाही. तबला परत पुठ्ठा. सासरे मान हलवून म्हणाले, पाया नाही, जावईबापू. घाई नको. उद्या परत बसू.

वर त्यांच्या चेहऱ्यावर काळजी म्हणून दिसली नाही.

२६ मार्च, बुधवार

नळी लांब केली. मग आखूड केली. कापूस काढला, बायकोची उशी भरून परत केली, ती म्हणाली आता हिला डिंकाचा वास येतो.

डाव्या पेटीमागे मुंग्यांची रांग. डिंकाला येत असतील.

२८ मार्च, शुक्रवार

केर काढताना बायकोचा पाय अडकून डाव्या पेटीची तार निसटली. आणि एकटी उजवी काय वाजायला लागली! भरदार! म्हणजे डावी पेटीच बिघडलेली. मला आधीच संशय होता, तिचा एक कोपरा सुतारानं घाईत केलाय. डावीचा ड्रायव्हर बदलला, पट्ट्या बदलल्या, तळाची फळी नवी ठोकली. तार खुणेप्रमाणे पुन्हा जोडली.

खर्ज नाही. मी पेटीला लाथ मारली. पेटीला काही झालं नाही. अंगठा सुजलाय.

साडू रविवारी गाडी घेऊन सासऱ्यांना न्यायला येणार आहेत. त्यांच्यासमोर माझी फजिती होणार.

३० मार्च, रविवार

झाली.

साडू लंगडी खुर्ची निवडून बसले, पायावर पाय टाकून. मी गाणं लावलं. त्यांनी एक मिनिट ऐकलं नि विचारलं, सुरू कधी होणार? मेहुणी म्हणाली, दिसायला भीती वाटते हो यांची. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सामानाची पिशवी भरलेली होती. साडू किल्ली फिरवत उठले. तेव्हा सासरे म्हणाले, "काम अर्धवट आहे. मी शब्द दिलाय, पुरं झाल्याशिवाय हलणार नाही." आणि पिशवी उचलून मागच्या खोलीत गेले. साडू बघतच राहिले. मेहुणी रुसली. बायको वळून खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती, मला काचेत दिसलं.

मला रडावं की काय ते कळेना. पेट्या फसल्या, खोलीही गेली.

१ एप्रिल, मंगळवार

दुकानातून लवकर निघालो. गिऱ्हाईक नव्हतं असं मालकांना सांगितलं. दोन होती.

आजकाल रोजच लवकर निघतो. सासरे स्टुलं मांडून तयार असतात. आम्ही नळी बदलतो, ऐकतो, भांडतो, चहा पितो. आज त्यांनी स्टेशनवरचे भोंगे कसे होते ते सांगितलं. म्हणाले, "एवढासा ड्रायव्हर आणि पत्र्याचं नरसाळं. माझा एवढा आवाज, पण बाहेर पडायचा बेडकाचा. एकदा एक आजी खिडकीशी येऊन विचारत होत्या, ते बेडूकराव कुठं बसतात?" माझ्या नाकातून चहा आला. मग म्हणाले, निवृत्त झाल्यावर आवाजाचं कामच संपलं. थोरलीकडे सगळं तयार आहे, तिथं मला कुणी काय विचारणार?

एवढंच बोलले आणि नळी मागितली.

मी नळी दिली. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सापडलं.

सासरे आणि बायको फिरायला गेले होते. मुंग्यांनी वैताग आणला म्हणून डाव्या पेटीमागे आडवा पडून बघितलं. मुंग्या डिंकाकडे जातच नव्हत्या. तारेच्या लाल खुणेवर बसल्या होत्या. नेलपॉलिशला मुंग्या? नखानं खरवडलं. निघालं. चिकट. वास घेतला –

खोकल्याचं औषध!

खरी नेलपॉलिशची खूण दुसऱ्या टोकावरून खरवडून काढलेली. टोकं उलटी. म्हणजे त्या रात्री सासरे जेवायला जरा मागून आले ते उगाच नाही. माझंच व्याख्यान, माझंच दार, माझीच साखर! असा राग आला की मी पेटीमागेच उताणा पडून दातओठ खाल्ले. मग तार सुलटी केली नि गाणं लावलं.

काय सांगू. बाई दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली, पायांसकट. खर्ज जमिनीतून वर आला. खिडकीची काच थरारली, फुलदाणी मेजावर दोन पावलं चालली. एवढ्या दिवसांचं सार्थक झालं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

वळलो तर दारात सासरे. पायात अजून बूट. मागे बायको.

त्यांनी गाणं पुरं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या पेटीकडे बघत होते. मी औषधाचं काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाले, "पाया आला. झालं तर मग." बूट काढता काढता म्हणाले, "थोरलीला कळवा."

बायको स्वयंपाकघरात गेली. जेवण तयार झालं, तरी कुणी सूचना दिली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन कितीतरी वेळ उभा होतो. आत कुणीच नव्हतं. केव्हाच मोकळं झालेलं. घरात कुणी सांगितलंच नाही.

मागच्या खोलीच्या दाराशी पिशवी ठेवलेली आहे. माझ्या रंध्यावर चमचा नाही, रंधा पुसून स्वच्छ. खाट हलली की तिथे पेट्या ठेवायच्या, मध्ये आरामखुर्ची, हे सगळं मी ठरवलेलं होतं. आज खोलीत उभं राहून मापं घेतली. मापं लिहून घ्यायची विसरलो.

साडू उद्या सकाळी येतायत.

५ एप्रिल, शनिवार

सकाळीच सासऱ्यांकडे खोकल्याचं औषध मागितलं. खोकला झाला का, त्यांनी विचारलं. म्हटलं, मला नाही, डाव्या पेटीला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पिशवीची चेन उघडून बाटली काढून दिली. चमचाही दिला.

तार मीच उलटी केली, वर औषधाची लाल खूण लावली. साडू आले तेव्हा पेट्या वाजत होत्या. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं नि म्हणाले, खर्ज गेला की हो. मी म्हटलं, हो ना, बघावं लागेल, बरेच दिवस जातील. मग ते उठले, घसा साफ केला, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कृपया लक्ष द्या. थोरलीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

मुंग्या परत येतील. येऊ देत.